वाळूवर जगणारा मासा

दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणं हा त्यांचा धंदा, म्हणून सगळे त्यांना कवळीकाका म्हणत. दिवसभर मेण, प्लास्टर आणि परक्या हिरड्यांचे ठसे. घरी आले की हात कोपरापर्यंत धुवायचे आणि स्टूल ओढून टाकीसमोर बसायचे. दिवाणखान्याची अर्धी भिंत अडवून बसलेली ती खाऱ्या पाण्याची टाकी. तिच्यात प्रवाळ, वरच्या वर पोहणारे काही छोटे मासे, आणि तळाच्या पांढऱ्या वाळूवर काकांचा जीव की प्राण असलेला, नारिंगी ठिपक्यांचा वाळू गाळणारा मासा.

हा मासा तोंडभर वाळू घेतो, तिच्यातले बारीक किडे-जीव खातो आणि उरलेली कल्ल्यांतून गाळून टाकतो. त्यामुळे वाळू कशी लख्ख राहते. पण घरच्या टाकीत तो फारसा टिकत नाही. वाळूतला खाऊ संपतो, मासा खंगतो आणि एक दिवस तरंगताना सापडतो. काकांचा मात्र वर्षानुवर्षं गुटगुटीत होता.

"एक कणही टाकत नाही मी त्याला," काका इतर हौशी मंडळींना सांगत. "वरच्यांना संध्याकाळी चिमूटभर, बस्स. माझी वाळू जिवंत आहे हो! हा वाळूवरच जगतो. खायला घातलंत की आळशी होतो."

लोक ऐकत. काकांच्या शब्दाला या बाबतीत वजन होतं. माशांच्या दुकानदाराने त्यांच्या टाकीचा फोटो मोठा करून गल्ल्यामागे लावला होता. नवं गिऱ्हाईक आलं की तो फोटोकडे बोट दाखवून जिवंत वाळूच्या पिशव्या विकायचा. तो काकांचा जुना मित्र. काका बोलायला लागले की हा मान डोलवायचा.

त्या दिवशी सकाळी पोस्टातल्या बाई काकांच्या कामाच्या खोलीत आल्या. हा नाद त्यांना काकांनीच लावलेला.

"काका, पहिला गेला तेव्हा तुम्ही वाळू बदला म्हणालात, बदलली. आता या दुसऱ्याचंही पोट खपाटीला गेलंय. थोडं काही घालू का?"

"मुळीच नाही. धीर धरा. वाळू मुरू दे."

बाई गेल्या. दुपारी वीज गेली, मशीन बंद पडलं, म्हणून काका जेवायला लवकर घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. काकू टाकीपाशी उभ्या होत्या, बाही वर सरकवलेली, हातात लांब नळी लावलेली सिरिंज. आणि तो मासा, जो काकांना बघताच बिळात घुसायचा, ज्याला ते कौतुकाने 'लाजाळू' म्हणायचे, तो नळी पाण्यात शिरायच्या आधीच काचेला नाक लावून हजर होता.

"थांब रे मेल्या, आलेच," काकू म्हणाल्या. नळीतून बारीक कोळंबीचे तुकडे वाळूवर पडले. माशाने ते मटकावले.

"हे काय चाललंय?"

काकू दचकल्या, पण सिरिंज लपवली नाही. "जेवतोय तो."

"कधीपासून?"

"पहिल्याच वर्षापासून. पाठीचं हाड दिसायला लागलं होतं हो त्याचं. मी म्हटलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, यातलं तुला काय कळतं."

"मग सांगायचंस नंतर!"

"कधी सांगू? महिनाभरात त्याने अंग धरलं की लगेच तुम्ही चार माणसं घरी बोलावलीत, वाळूचं व्याख्यान दिलंत. चहा मीच आणत होते. त्या चहाबरोबर सांगू?"

काका स्टुलावर बसले. "कोळंबी कुठून आणतेस?"

काकूंनी फ्रीज उघडला. मटारांच्या पिशवीमागून गोठवलेला पुडा काढला. त्यावर दुकानाचा शिक्का होता. त्याच दुकानाचा.

"त्याला माहीत आहे?"

"तोच तर आणून देतो. म्हणाला, काकांना कशाला सांगायचं, राहू दे त्यांचं समाधान."

काका न जेवताच उठले. दुकानदार पिशव्या रचत होता. काकांच्या हातात तो पुडा बघून त्याचा चेहरा उतरला, पण जीभ चालू होती.

"अहो काका, मनावर नका घेऊ. तुमचा मासा मस्त आहे ना?"

"माझा मस्त आहे. दुसऱ्यांचे मेले ते? माझा फोटो दाखवून वाळू विकलीस, आणि माझ्याच माशाची कोळंबी मागच्या दाराने पोचवलीस?"

"मी कुठे खोटं बोललो? बोलायचात तुम्ही. मी मान डोलवायचो."

 काकांनी फोटो काढून मागितला. दुकानदार म्हणाला, उद्या काढतो. काकांनी स्वतःच गल्ल्यामागे जाऊन तो उतरवला आणि तिथेच भिंतीकडे तोंड करून ठेवला.

घरी येऊन ते दारातूनच म्हणाले, "सिरिंज घे. चल. मला येत नाही ते."

पोस्टातल्या बाई नुकत्याच कामावरून आल्या होत्या. काका उंबऱ्यातच उभे राहिले. "माझा मासा वाळूवर जगत नव्हता. ही त्याला भरवत होती. मला माहीत नव्हतं. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

बाईंनी विचारलं, "म्हणजे पहिला उपाशी मेला?"

"हो."

काकूंनी बाईंच्या टाकीत नळी सोडली. मासा हलला नाही. पहिला तुकडा वाहून गेला, दुसरा त्याच्या नाकासमोर पडला, तोही त्याने सोडला. काकूंनी नळी अगदी वाळूला टेकवली आणि हलकेच दाबली. मासा पुढे सरकला, वाळूसकट तुकडा उचलला, आणि कल्ल्यांतून फक्त वाळू बाहेर आली.

बाई काकूंना विचारू लागल्या. दिवसातून किती वेळा? आधी वितळवायची का? काकांना कोणी काही विचारलं नाही. ते जिन्यावर जाऊन उभे राहिले.

काकू आल्यावर म्हणाले, "अजून तिघांकडे जायचंय."

"आजच?"

"मासे थांबणार आहेत का उद्यापर्यंत?"

रस्त्याने ते पुढे, काकू मागे. एरवी त्या मागे पडल्या की ते थांबायचे.

"अहो, मी चांगल्यासाठीच केलं."

"तेच तर," काका मागे न बघता म्हणाले. "वाईटासाठी केलं असतंस, तर भांडता तरी आलं असतं."

आणि त्यांनी पुढच्या घराची घंटा दाबली.