रांग, पसारा, गठुडं

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी आळेफाट्याच्या खोलीवर पाचवीचे पेपर तपासत होते. हातातला पेपर पुरा करूनच उठले... महिना झाला, तेवढं अजून सलतं.

अक्का माझी थोरली जाऊ. दोघींचेही नवरे गेलेले. तिचा मुलगा नाशिकला, ती पिंपळवंडीच्या मळ्यात एकटी. माहेरी मेंढरं होती, त्यामुळे मागे चार जिवांचा राबता असल्याशिवाय तिला करमत नसे. शेततळं झालं तशी तिने आठ बदकं आणली. मी रविवारी पेपरांचा गठ्ठा घेऊनच जायची. ती शेजारी बसून विचारायची, "काय इचारलंय पोरांना?" एकदा समूहाच्या शब्दांचा प्रश्न होता. मेंढ्यांचा कळप, पक्ष्यांचा थवा, केळ्यांचा घड...

"आन् बदकांचं?"

"थवाच लिहायचं, अक्का."

"थवा उडनाऱ्यांचा. माज्या बया पायी चालत्यात." मग तिनेच शब्द लावून दिले. बांधावरून निघाली की रांग, पाण्यात उतरली की पसारा, दिवस मावळता डाल्याखाली कोंबली की गठुडं. "लिव्ह तुज्या पुस्तकात, मास्तरीणबाई!"

मी हसले. जरा वेळाने ती म्हणाली, "आन् एकच उरलं तर?"

"एकाला असा शब्द नसतो." माझं लाल पेन थांबलंही नाही.

"न्हाईच का..." ती चहा ठेवायला उठली. निघताना म्हणाली, "आज ऱ्हा की. सकाळच्या गाडीनं जा." सोमवारी शाळा आहे म्हणाले आणि निघाले. खोलीवर माझी वाट पाहणारं कुणी नव्हतं.

तेराव्यानंतर बदकांचं काय करायचं हे माझ्यावर आलं. आळ्याचे एक गृहस्थ येऊन म्हणाले, "बाई, एकच द्या. नातीला खेळाया."

अक्काच्या माहेरी कळपातलं जनावर कधी एकटं तोडून देत नसत. द्यायचं तर सोबतीसकट.

"आठही न्या," मी म्हणाले.

"आठांचं काय करू? लई घाण करत्यात."

"मग राहू द्या."

मला बदकांची हौस नाही. घाण करतात हेही खरं. पण संध्याकाळी त्यांना झाकायला कुणीतरी हवं, म्हणून शाळा सुटली की मळ्यात येते, अक्काच्या खाटेवर झोपते. सकाळच्या गाडीने शाळेत वेळेवर पोचता येतं. घंटेच्या आधी चांगली वीस मिनिटं.