मिटलेली उजवी मूठ

बालरोगतज्ज्ञ म्हणून मी मिनेसोटात तीसेक वर्षं काम केलं. मूल आधी मान धरतं, मग बसतं, मग उभं राहतं. शरीरावरचा ताबा डोक्याकडून पायांकडे आणि खांद्याकडून बोटांकडे येत जातो, हे मी कितीतरी आयांना समजावलं असेल.

नात सहा महिन्यांची असताना मी ईडन प्रेरीला मुलीकडे राहायला गेले. पहिल्याच सकाळी नातीला मांडीवर घेऊन खुळखुळा दाखवला. तिनं डावा हात पुढे केला. मी खुळखुळा उजवीकडे नेला, तरी डावाच हात अंगावरून ओलांडून आला. उजवी मूठ मिटलेली, अंगठा आत.

"शी इज अ लेफ्टी, आई," मुलगी कौतुकानं म्हणाली. "बाबांसारखी."

इतक्या लहान वयात मूल हात निवडत नाही. ते एकच हात वापरत असेल, तर दुसरा तपासायचा. परक्या आईला मी तिथल्या तिथे सांगितलं असतं. मुलीला म्हणाले, "हो, असेल."

सात आठवडे मी गप्प राहिले. रोज अंघोळ घालताना ती मूठ उघडून बोटं चोळायची, उद्या आपोआप उघडेल म्हणून वाट पाहायची. मग नात बसायला लागली. एका दुपारी ती उजवीकडे कलंडली. टेकायला हात पुढे आलाच नाही. गाल जमिनीवर आपटला. मुलीनं तिला उचलून माझ्याकडे पाहिलं, आणि मी सगळं सांगून टाकलं.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"आले त्या दिवसापासून."

"यू आर अ डॉक्टर, आई," एवढंच ती म्हणाली.

जन्माच्या सुमारास मेंदूला डाव्या बाजूला, म्हणजे उजवा हात-पाय चालवणाऱ्या भागाला, इजा झाल्याचं एमआरआयमध्ये दिसलं. थेरपी सुरू झाली. डाव्या हातावर मऊ मोजा चढवून उजव्याला खेळवायचं. नात चिडून रडायची. सात आठवड्यांच्या उशिरानं फारसं बिघडलं नसेल, असं थेरपिस्ट म्हणाली. त्यानं आम्हा दोघींचंही समाधान झालं नाही.

बावीस महिन्यांची झाल्यावर नात चालली. पायात आधाराचा ब्रेस, उजवं पाऊल किंचित ओढत, सोफ्यापासून आईपर्यंत पाच पावलं. मुलगी तिला कवटाळून रडली. मग म्हणाली, "आई, परत काही दिसलं तर लगेच सांग. मी घाबरेन म्हणून थांबू नकोस."

"तू घाबरशील म्हणून नव्हते थांबले," मी म्हणाले. "मीच घाबरले होते."

तिनं सरकून मला शेजारी जागा केली.