क्रॉस चेकचा नियम

घाटकोपरच्या भटवाडीत गुणाजी तात्यांना सगळे खजिनदार म्हणूनच ओळखत. गिरणी बंद पडली तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. पुढे मुलुंडच्या एका कारखान्याच्या गेटवर रखवाली करून त्यांनी संसार रेटला. आता पंचाहत्तरी उलटली होती, पण त्यांच्या कोकणातल्या गावच्या मंडळाचा हिशेब एकवीस वर्षं त्यांच्याच हाती होता आणि त्यात कधी रुपयाची चूक निघाली नव्हती.

मंडळ दरवर्षी हुशार मुलांना कॉलेजप्रवेशासाठी मदत देई. पूर्वी ती पाकिटातून रोख दिली जायची. एका वर्षी एका मुलाचा बाप हॉलमधूनच पाकीट घेऊन निघाला, तो तिसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने घरी आला. तेव्हा तात्यांनी नियम करून घेतला. मदत क्रॉस चेकनेच द्यायची, म्हणजे पैसे थेट खात्यातच जातील; आणि चेक मुलाच्याच नावाचा. प्रवेश झाला नाही तर पैसे परत. आणि पेटीतली रोकड अध्यक्ष व सेक्रेटरी दोघांनी हो म्हटल्याशिवाय उचलायची नाही.

यंदा मंडळातल्याच जयवंतच्या मुलीला, श्रुतिकाला, कांदिवलीच्या एका कॉलेजात फार्मसीला जागा मिळाली. पहिला हप्ता बत्तीस हजार. शेवंतीने, तिच्या आईने, ती पोळ्या करायला जाई त्या घरांतून बारा हजार उचल घेतली. वीस हजारांचा चेक तात्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला. चार तारखेला तो वटला. फी भरायची शेवटची तारीख पाच, संध्याकाळी पाचपर्यंत.

पाच तारखेला सकाळी अकराला श्रुतिका तात्यांच्या दारात उभी होती.

"आजोबा, खात्यात तेरा हजार एकशे तीसच आहेत."

"असा कसा होयत गो? चेक मी लिवलंय ना!"

तात्या टोपी घालून तिच्याबरोबर बँकेत गेले. काउंटरवरच्या अनुपमा मॅडमनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. श्रुतिकाला अठरा पूर्ण होताच तिच्या नावावर एक मोबाइल हप्त्याने घेतलेला होता. खात्यात पैसे नसल्याने आठ महिने हप्ता परत गेला होता आणि दर वेळी पाचशे नव्वद दंड पडला होता. खातं चार हजार सातशे वीस रुपयांनी उणं होतं. चेक जमा होताच तेवढे आधी वळते झाले. आज सकाळी एकवीसशे पन्नासचा नवा हप्ताही गेला.

"हिला एक शब्द तरी कळवायचा होता, मॅडम."

"मेसेज गेलेत, आजोबा. नोंदवलेला नंबर वडिलांचा आहे."

"ते परत नाही मिळणार?"

"अर्ज द्या. पण आज काही होणार नाही."

श्रुतिकाने तिथूनच बापाला फोन लावला. पलीकडून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. नोकरी गेल्यापासून जयवंत पार्सलं पोचवत असे आणि त्या कामासाठीच त्याने तो मोबाइल घेतला होता.

"पप्पा, तुम्ही आठ महिने बोलला नाहीत?"

"अगं, खात्यात काही नव्हतंच ना! जिथे काहीच नाही तिथून काय कापणार, असं वाटलं मला. शून्याच्या खाली जातं हे कुणाला ठाऊक?" मग तो म्हणाला, "श्रुती, वाट लावली ना मी तुझी?"

तिने फोन ठेवला.

सहा हजार आठशे सत्तर कमी पडत होते. शेवंती आणखी उचल मागायला गेली आणि तशीच परत आली. तात्यांच्या खिशात होते तीनशे दहा. पण कपाटातल्या पत्र्याच्या पेटीत मंडळाचे नऊ हजार चारशे होते. ती मांडीवर घेऊन तात्यांनी अध्यक्षांना, म्हणजे भाऊंना, फोन लावला.

भाऊ हसले. "तात्यानू, रोख देवची नाय, ह्यो तुमचोच नियम! माका तोंडपाठ हा."

"म्हणान तर इचारतंय, भाऊ. चेडवाचो परवेश जाताहा."

"माझी ना नाय. पण निलेशाक इचारा. दोघांचो होकार होयो, ह्या पण तुम्हीच लिवलास."

निलेश, सेक्रेटरी, अंधेरीच्या ऑफिसात होता. त्याचा फोन वाजून वाजून बंद होई. दोन वाजले, तीन वाजले. श्रुतिका समोरच्या स्टुलावर बसून पेटीकडे बघत होती. तिने एकदाही "द्या" म्हटलं नाही. किल्ली तात्यांच्या गळ्यात जानव्यासारखी अडकवलेली होती. साडेतीनला त्यांनी ती कुलपात घातली, फिरवली नाही, आणि पुन्हा निलेशचा नंबर दाबला.

पाच वाजले. श्रुतिका उठली, चप्पल घातली आणि गेली.

सहा वाजून दहा मिनिटांनी निलेशचा फोन आला. "मीटिंगमध्ये होतो, तात्या. एवढे फोन? अहो, विचारताय काय, देऊन टाकायचे ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रुतिका बँकेतून आली ती थेट स्टुलावर बसली. तिने ओढणीच्या टोकातली नोटांची घडी काढून पेटीवर ठेवली.

"तेरा हजार एकशे तीस. प्रवेश नाही झाला, तर परत द्यायचे ना?"

"ऱ्हव दे गो. पुढल्या वर्साक..."

"पुढच्या महिन्यात पाच तारीख आहेच, आजोबा. खात्यात ठेवले तर तेही जातील." तिचा आवाज अगदी साधा होता. "बाकीचे सहा हजार आठशे सत्तर मी हप्त्याने देईन. एका मेडिकलमध्ये उभं राहायचं काम मिळतंय. पावती देता?"

तात्यांनी चष्मा लावला. पावतीपुस्तक उघडलं, कार्बन सारखा केला. नाव लिहिलं, रक्कम अक्षरात लिहिली. 'कारण' या रकान्यापाशी पेन थांबलं.

"काय लिवू?"

"नियमाप्रमाणे," ती म्हणाली.

त्यांनी तसंच लिहिलं.