आलोशियस सरांची रविवारची प्रार्थना

आलोशियस सर शाळेतून निवृत्त झाले आणि थेट अर्थतज्ज्ञ झाले. मध्ये काही शिकायची त्यांना गरज वाटली नाही. रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या दारात त्यांचा वर्ग भरायचा. शेअर बाजार चढला तर सरांचा अभ्यास, पडला तर अमेरिकेचा दोष. तिकडे व्याज वाढलं की परदेशी पैसेवाले इथला पैसा काढून तिकडे नेतात, एवढं एकच ज्ञान त्यांच्याकडे होतं आणि तेही बाजार पडल्यावरच आठवायचं.

त्यांच्या शब्दावर, वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी विकणाऱ्या मर्सीबाईंनी लेकीच्या लग्नाचे पैसे शेअरमध्ये घातले. अमेरिकेत व्याज वाढलं, बाजार पडला आणि ते निम्म्यावर आले.

मग एका रविवारी मिस्सेत लोकांच्या प्रार्थना वाचायची पाळी सरांवर आली. आजाऱ्यांसाठी झाली, पावसासाठी झाली आणि सरांनी कागदावर नसलेली एक घुसडली. "अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर उतरवावेत म्हणून आपण प्रार्थना करू या." आम्ही मेंढरं सवयीने एका सुरात म्हणालो, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक."

महिन्याभरात व्याज खरंच उतरलं. इथून गेलेला परदेशी पैसा मात्र परतला नाही. तो तिसऱ्याच देशाच्या बाजारात जाऊन बसला. सर दारात उभे राहून म्हणाले, "थोडा धीर धरा."

मर्सीबाई पुढे झाल्या. "देवानं ऐकलं, सर. आता तुम्ही ऐका. पुढच्या रविवारी प्रार्थना मी वाचणार, तुम्हाला गप्प बसायची बुद्धी मिळावी म्हणून. मग बघा, अख्खं चर्च किती जोरात उत्तर देतं."