हाक्यातली पांढरी टोपी

माझ्या मोठ्या भावाला ज्यांनी मारलं, त्यांना मी शिक्षा केली. दुसऱ्या कोणी केली नाही म्हणून.

हिवरखेडच्या बाजूला आमचा फुलांचा मळा होता. थंडीत अमरावतीचे एक वकील सातपुड्याच्या पायथ्याशी चितळाच्या शिकारीला येत. हाका घालायला, म्हणजे डबे वाजवत जनावर बंदुकीकडे रेटायला, ते गावातली माणसं घेत. भाऊ सगळ्यांच्या पुढे असे. हाकारे डोक्याला लाल रुमाल बांधत. चितळ पळताना शेपूट उभारतं आणि शेपटाखालची पांढरी बाजू झुडपातून चमकते. म्हणून हाक्यात कोणी पांढरं घालत नसे.

वऱ्हाड तेव्हा नुकताच मुंबई राज्यात आला होता. निवडणूक जवळ होती आणि वकील उभे राहणार होते. त्या सकाळी त्यांनी सगळ्या हाकाऱ्यांना नव्या पांढऱ्या टोप्यांचा आहेर केला. आमच्याकडे आहेराचं कापड त्याच दिवशी अंगावर घालतात, नाहीतर देणाऱ्याचा अपमान होतो. भावाने टोपी हातात फिरवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"पांढरी हाये. आज नाई घातली तं चालन का?"

मी कॉलेजातून सुट्टीवर आलो होतो. रीतभात मला जास्त कळते असं घरात सगळे मानत. वडिलांचा मळ्याचा दावाही याच वकिलांकडे होता. घाल, म्हणालो मी. भावाने लाल रुमाल कमरेला खोचला.

वकिलांच्या परवान्यात हरणासाठी रायफल लिहिली होती. हरणावर छर्ऱ्याचं काडतूस चालवायला मनाई होती. पण पळतं जनावर त्यांना रायफलीने कधी साधलं नव्हतं. त्यांनी बारा बोअरची छर्ऱ्याची बंदूक उचलली. झुडपात पांढरं हललं, आणि त्यांनी बार टाकला.

दिवस मावळायच्या आत त्यांच्या कारकुनाने टोप्या परत गोळा केल्या. हाकाऱ्याने लाल रुमाल बांधला नव्हता, अशी वकिलांनी जबानी दिली. गाव गप्प राहिलं. वडील मला म्हणाले, "एक पोरगं गेलं. आता वावरही जाईन. चूप राय."

भावाची टोपी तेवढी मी पंचनाम्याआधीच पिशवीत टाकली होती. तिला तीन भोकं होती. ती मी कधी धुतली नाही.

पुढे मी तिवशाला मास्तर झालो. शिकारीचे नियम वाचनालयात बसून वहीत उतरवले, पाठ केले. त्याचा उपयोग नव्हता. पण राग टिकवायचा तर रोज थोडं काम करावं लागतं.

वडील वारले, त्याच वर्षी अमरावतीला राजापेठेत वकिलांच्या साठीचा सत्कार झाला. हार, शेले घेऊन माणसं रांगेत होती. मीही उभा राहिलो. वकिलांनी माझं पुडकं हसत सोडलं. हसू तसंच तोंडावर राहिलं.

"तुमचाच आहेर आहे," मी हळूच म्हणालो. "आमच्याकडे त्याच दिवशी घालतात."

मागची माणसं खोळंबली. टोपी घडी केलेली होती, भोकं आणि डाग आत होते. शेजारी बसलेला त्यांचा मुलगा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, घाला ना बाबा, मास्तरांनी प्रेमाने आणली आहे. मी जागचा हललो नाही. शेवटी त्यांनी जरीचा फेटा उतरवला आणि ती घातली. मुलाला भोकं दिसली. डागही.

"हे काय आहे, बाबा?"

मग मीच सांगितलं, धडा सांगावा तसं: बंदूक कोणती, काडतूस कोणतं, टोप्या कोणी दिल्या, परत कोणी गोळा केल्या. मुलाने बापाच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

मला बरं वाटलं. अजूनही वाटतं. फक्त 'घाल' कोण म्हणालं, तेवढं मी सांगितलं नाही.