नातीच्या परीक्षेत माझी उत्तरं
नातीला अमेरिकेत नापास करण्याचा मान माझा आहे. परवा तिखटाच्या डब्यामागे तिची जुनी, हळदीचे डाग पडलेली अभ्यासाची कार्डं सापडली आणि नेपरव्हिलची ती बर्फाळ संध्याकाळ आठवली. दुसऱ्या दिवशी हायस्कूलमध्ये तिची अमेरिकेच्या राज्यघटनेची टेस्ट होती. ती पास झाल्याशिवाय शाळा पूर्ण झाल्याचा डिप्लोमा नाही, आणि पुस्तक राहिलं होतं शाळेच्या लॉकरमध्ये. मी नागपुरात तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवून नुकतीच आलेली, त्यामुळे नाक वरच. फोडणी देता देता सांगून टाकलं की राष्ट्राध्यक्षाला खासदार-आमदार निवडतात आणि संसदेचा विश्वास गेला की सरकार पडतं. "आजी, आर यू शुअर?" "तू मला विचारतेस?" बिचारीने सगळं कार्डांवर उतरवलं. निकालाच्या दिवशी तिने पेपर माझ्यापुढे धरला. माझी सगळी उत्तरं लाल, कारण ती भारताच्या घटनेची होती, आणि तव्यावरची पोळीही करपली. पुढे त्याच कार्डांच्या पाठीवर तिने लिहिलेली बरोबर उत्तरं घोकून, नागरिकत्वाची परीक्षा देऊन मी इथली नागरिक झाले. पण त्या दिवशी मला रडू येतंय हे बघून ती ओट्यावर चढून बसली आणि म्हणाली, "सोमवारी रीटेक आहे, आजी. या वेळी मी शिकवते, तू पाठ कर."