आबा, मी आणि उजवीकडे न वळणारी स्कूटर

हसणार असाल तर हातातला चहा आधी खाली ठेवा, नाहीतर अंगावर सांडेल! माझा हा पराक्रम आमच्या नात्यात अजून लग्नकार्यात सांगितला जातो, आणि दर वेळी मलाच तिथून उठून जावं लागतं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावात नोकरी लागली आणि मी एक जुनी स्कूटर घेतली. काय लाड होते तिचे! रविवार आला की अंगणात पोतं अंथरायचं आणि तिला खोलायचं. येत काही नव्हतं, पण हौस!

धाकट्या बहिणीला, मंगलला, पिंप्राळ्याचं स्थळ आलं. मुलगी पसंत होती. आता आमचे वडील, आबा, बोलणी करायला बोदवडहून रेल्वेने येणार होते. त्यांची कंबर दुखरी. म्हटलं, पालखीत बसल्यासारखं वाटलं पाहिजे! हिसके बसू नयेत म्हणून मागची स्प्रिंग घट्ट कसली. हँडल उतरवून ग्रीस भरलं. क्लचची नवी वायर ओढली.

ती वायर हँडलच्या दांड्याला उलट्या बाजूने गेली, हे मला कुठे ठाऊक? डावीकडे गाडी लोण्यासारखी वळायची. उजवीकडे वळवली की वायर ताणली जाऊन क्लच आपोआप दाबला जायचा, इंजिन बोंबलायचं आणि गाडी जागेवर! हँडल सरळ केलं की अशी उसळी मारायची, बस्स!

आबांना मागे बसवून स्टेशनपासून डावी वळणं शोधत कसाबसा पिंप्राळ्यात पोचलो. तर पाहुण्यांचं घर नेमकं उजव्या हाताला!

मुलाचे वडील, नाना, ओट्यावर टोपी घालून उभे. मी उजवीकडे वळलो. इंजिन किंचाळलं. घाबरून हँडल सरळ केलं, आणि गाडी त्यांच्या दारावरून सुसाट! आबांनी जाता जाता रामराम तेवढा घातला.

“अरे, घर मांगे ऱ्हायनं ना! आते कथा चालना?” कुठे चाललास म्हणून आबा मागून ओरडले.

“डावीकडून येऊ, आबा. डावीकडूनच येता येतं!”

फेरा मारून परत गल्लीत. ठरवलं, वळायचंच नाही, दारासमोर सरळ ब्रेक दाबायचा. पण अलीकडेच गतिरोधक! स्प्रिंगने आबांना हातभर उडवलं, ते माझ्या पाठीवर आदळले, माझ्या हातून रेस पिळली गेली, आणि गाडी पुन्हा दारावरून पुढे.

“रामराम!” आबा हवेतूनच म्हणाले. बठ्ठी, म्हणजे सगळी गल्ली दारात आली.

तिकडे घरात भलताच समज. मुलीकडचे चकरा मारून घर तपासताहेत! पहिल्या फेरीनंतर मोडकी खाट मागे गेली. दुसरीनंतर दोरीवरचे कपडे गेले आणि मुलाला केस विंचरून ओट्यावर खुर्चीत बसवलं.

तिसऱ्यांदा नाना हात पसरून रस्त्यातच उभे राहिले. मी सगळं दाबलं. गाडी खोकून बंद पडली.

“भाऊ,” नाना हात जोडून म्हणाले, “मुलाला कसलंच व्यसन नाही. हवं तर शेजारी विचारा. पण या फेऱ्या थांबवा, आमच्या म्हातारीला धडकी भरली!”

मी खरं ते सांगून टाकलं. मग आबाच हसायला लागले, कंबर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आबा आता नाहीत. ते हसणं मात्र अजून कानात आहे.

चहा-पोहे झाले. आबा म्हणाले, “नाना, तुमनं काय म्हणनं शे, मोकळं सांगा.”

नाना घुटमळले. “तसं काही नाही... मुलाच्या मनात एक स्कूटर होती.”

माझी छाती फुगली. “त्यात काय! माझीच देतो. स्वतःच्या हाताने सगळी नीट करून!”

तोवर एक शब्द न बोललेला मुलगा ताडकन उठला.

“नको, नको! मला सायकलच बरी. आणि आबा, तीही दुकानातून परस्पर इकडेच पाठवा!”